राउंडच्या आधीची गोळी

ऑपरेशननंतर पेशंटला ताप आला की कॉटभोवती जमलेल्या प्रत्येक नातेवाइकाला त्याचं कारण माहीत असतं. एसी लागला. सलाईन थंड होतं. काल ती मावशी येऊन ‘छान तब्येत आहे की’ म्हणून गेली, तिची दृष्ट लागली. घाटकोपरच्या एका गृहस्थांनी तर मला ठणकावून सांगितलं होतं की त्यांच्या बायकोची कॉट उत्तरेकडे डोकं करून लावली आहे, ताप येणार नाही तर काय होईल? मी म्हटलं, “साहेब, कॉट फिरवली तर बाईंचे पाय संडासात जातील.” त्यांनी हे मनावर घेतलं. मोबाईलमधलं होकायंत्र काढून, संडासाच्या दारापर्यंत पावलं टाकून मोजून पाहिलं आणि मग म्हणाले, “अर्धे जातील.”

अशा लोकांत मी सव्वीस वर्षं काढली. मुलुंडच्या एका खाजगी नर्सिंग होममध्ये मी नर्स होते, त्यातली दहा वर्षं वॉर्डची इनचार्ज. जागेचं नाव लिहीत नाही. तिथल्या मालक-सर्जनचंही नाही, त्यांना मी सरच म्हणेन. बावीस कॉटा, एक ऑपरेशन थिएटर, आणि रिसेप्शनवर गणपतीची मूर्ती, जिच्यासमोरची अगरबत्ती बंद करा म्हणून मी सव्वीस वर्षं सांगत राहिले आणि जी सव्वीस वर्षं जळत राहिली. मी फार बोलणाऱ्यातली नाही. नर्सने कमी बोलावं असं आम्हाला शिकवलं होतं. ते माझ्या स्वभावालाही सोयीचं होतं. किती सोयीचं, ते पुढे येईलच.

आधी तापाचं सांगते, कारण ज्यांना काही माहीत नसतं तेच त्यावर सर्वांत जास्त बोलतात.

ऑपरेशननंतर पहिल्या दोन दिवसांत थोडा ताप येणं ही बहुतेक वेळा साधी गोष्ट असते. घरात एक भिंत फोडली तरी दोन दिवस धूळ उडते. इथे तर माणूस फोडलेला असतो. शरीर डागडुजीला लागतं, अंग तापतं, नव्याण्णव, शंभर, क्वचित थोडं वर. पेशंटला उठवून बसवायचं, खोल श्वास घ्यायला लावायचं, खोकायला लावायचं, चालवायचं. ताप आपसूक उतरतो. पण तिसऱ्या दिवसानंतर ताप राहिला, किंवा उतरलेला परत चढला, तर मात्र तोच आकडा वेगळं बोलतो. मग शोधायचं असतं. छाती बघा, लघवी बघा, सलाईनची सुई टोचली ती जागा बघा, पोटरी दाबून बघा, जखम उघडून बघा. आणि पोटाचं ऑपरेशन असेल तर आत जे शिवलंय ते धरलंय की नाही, याचा विचार करा. पहिल्या दिवसाचा शंभर आणि पाचव्या दिवसाचा शंभर हे दोन वेगळे ताप असतात. एवढं समजायला पदवी लागत नाही. फक्त कोणीतरी तो शंभर खरा लिहून ठेवलेला असावा लागतो.

हे लिहिण्याचं काम माझं. कॉटच्या पायथ्याशी क्लिपबोर्ड टांगलेला असतो. त्यावर ताप, नाडी, श्वास यांचा चार्ट. दर चार तासांनी एक ठिपका द्यायचा आणि ठिपके रेघेने जोडायचे. मला हात लावून अर्ध्या डिग्रीच्या फरकाने ताप सांगता यायचा. नवीन मुली पैजा लावायच्या आणि हरायच्या. हा माझा एकच गर्व होता. त्याचं मी काय केलं ते ऐका.

सरांना चार्टवरचा डोंगर आवडायचा नाही. राउंड साडेआठला. कुणाच्या कागदावर रेघ वर चढलेली दिसली की ते पेशंटकडे न बघता आमच्याकडे बघायचे. “काय सिस्टर, वॉर्ड आहे की तापाची साथ?” मागे दोन असिस्टंट हसायचे. नातेवाईक घाबरायचे, दहा प्रश्न विचारायचे, राउंड लांबायचा, सरांना पुढे दुसऱ्या हॉस्पिटलला उशीर व्हायचा आणि त्याचा राग दिवसभर आमच्यावर निघायचा. म्हणून माझ्याही आधीपासून तिथे एक पद्धत पडली होती. सकाळची पाळी सहाला सुरू व्हायची. आल्याबरोबर वॉर्डात फिरायचं, ज्याचं अंग गरम लागेल त्याला पॅरासिटामॉल द्यायची. थर्मामीटर लावायचा आठला, गोळी काम करून चुकल्यावर. आणि तो आकडा लिहायचा सहाच्या रकान्यात. तिला आम्ही राउंडची गोळी म्हणायचो. संध्याकाळच्या पाळीची अशीच चारची गोळी. मधल्या रकान्यांतही त्यांना जुळणारेच ठिपके. दोन्ही राउंडना सगळा वॉर्ड समुद्रासारखा सपाट. सर खूष, नातेवाईक खूष, आणि आम्हाला शिव्या नाहीत.

सरांना हे माहीत होतं का? असं कोणीही विचारेल. बावीस कॉटांत वर्षानुवर्षं कुणालाच सकाळी ताप नसतो, याचं ज्या डॉक्टरला नवल वाटत नाही, त्याला काय माहीत होतं हे त्याचं त्याने ठरवावं. माझं मी सांगते. मला माहीत होतं.

खोटा आकडा लिहायला माझा हात आधीच सरावला होता, आणि तोही चांगल्या कामाने. फार वर्षांपूर्वी, पाऱ्याचे थर्मामीटर होते तेव्हा, बोरिवलीची एक बाई गर्भाशयाच्या ऑपरेशनसाठी बहिणीकडे मुलुंडला येऊन आमच्याकडे दाखल झाली होती. पाचव्या दिवशी तिचा ताप निघाला एकशे सात. बाई उशीला टेकून मासिक वाचतेय, कपाळ थंडगार, आणि शेजारी चहाचा कप. मी म्हटलं, “ताई, चहाला ताप आलाय. तुम्ही बऱ्या आहात.”

ती आधी हसली आणि मग रडायला लागली. “घरी नऊ माणसं आहेत हो सिस्टर. आज गेले तर उद्या सकाळी पोळ्यांना उभी करतील. दोन दिवस ठेवा ना.”

मी लिहिलं १००.२. दुसऱ्या दिवशी ९९.८. सरांचा ओरडा खाल्ला. दोन दिवस तिने छताकडे बघत पडून काढले. त्या खोट्याचं मला पुण्य वाटलं होतं. अजूनही थोडं वाटतं. पण हातालाही कळलं होतं की आकडा बदलला तरी वीज पडत नाही.

आता परबकाका.

सात वर्षं झाली. वासुदेव परब, वय चौसष्ट, राहणार भांडुप. मूळचे मालवणकडचे. गिरणी बंद झाल्यावर एका सोसायटीत वॉचमन म्हणून राहिले होते. गावकऱ्यांच्या मंडळाच्या दशावतारात राजाची कामं करायचे, त्यामुळे आवाज असा की हळू बोलले तरी चार कॉटांना ऐकू जायचं. हर्निया अडकून आले. आतडं अडकून त्याचा वीतभर तुकडा काळा पडला होता. सरांनी तो कापून दोन टोकं जोडली. या आतल्या जोडाची काळजी पहिला आठवडा असते. तो धरला तर माणूस आठ-दहा दिवसांत घरी. सुटला तर पोटात विष.

काकांना मी आवडायचे. सकाळी सहाला गोळी घेऊन गेले की म्हणायचे, “इलंय गो बाय? तुझी गोळी म्हणजे माझो चाय.” पाणी पिऊन मोठ्याने ‘आ’ करून दाखवायचे, गिळली म्हणून.

त्यांच्याजवळ दिवसरात्र त्यांची सून असायची. प्राजक्ता. तिशीच्या आतली, एका ऑफिसात हिशेब तपासायच्या कामाला, रजा घेऊन बसलेली. सासूबाई, म्हणजे परबकाकी, संध्याकाळी यायच्या. मुलगा नीलेश रविवारी. प्राजक्ताकडे स्वतःचा डिजिटल थर्मामीटर होता. ती तो दर दोन तासांनी सासऱ्यांच्या काखेत लावायची आणि आकडा मोबाईलमध्ये लिहायची. अशा नातेवाइकांचा आम्हाला मनस्वी तिटकारा. सरांनी त्यांना नाव ठेवलं होतं ‘गूगल एमबीबीएस’. स्टाफरूममध्ये मी स्वतः तिची नक्कल केली होती, थर्मामीटरऐवजी पेन धरून. मी, कमी बोलणारी बाई. मुली पोट धरून हसल्या.

चौथ्या दिवशी दुपारी दीडला, माझी पाळी संपत आली असताना, ती काउंटरवर आली. पाच-सहा माणसं उभी होती.

“सिस्टर, काल दुपारी दोनला शंभर पॉइंट दोन. रात्री दहाला शंभर पॉइंट चार. आज आत्ता शंभर पॉइंट दोन. तुमच्या कागदावर सगळीकडे अठ्ठ्याण्णव पॉइंट चार आहे.”

“मॅडम, मेडिकलमधले थर्मामीटर असेच असतात. हॉस्पिटलचं मशीन वेगळं.”

“असं? मग मी तो स्वतःला लावला तर बरोबर अठ्ठ्याण्णव का दाखवतो? फक्त बाबांनाच चुकीचं दाखवतो का?”

मागे कोणीतरी हसलं. मी म्हटलं, “ऑपरेशननंतर थोडा ताप नॉर्मल असतो.”

“नॉर्मल आहे ना? मग लिहा ना.”

मी फाइल चाळायला लागले. ती पुढे म्हणाली, “आणि त्यांना सकाळपासून उचक्या लागल्यात. त्याही नॉर्मल का?” मी फाइल मिटली आणि म्हटलं, “डॉक्टर तुम्ही आहात की सर आहेत? उद्या राउंडला विचारा.” हे मी मोठ्याने म्हटलं, हसणाऱ्याला ऐकू जावं म्हणून.

पाचव्या दिवशी सकाळी सहाला मी वॉर्डात गेले तेव्हा प्राजक्ता खालून चहा आणायला गेली होती. काकांनी नेहमीचं वाक्य म्हटलं नाही. हात लावताच कळलं. तरी त्या दिवशी मी थर्मामीटर लावला, का कोण जाणे. १००.६. नाडी मोजली, पूर्ण एक मिनिट. १०८. पोट किंचित तट्ट. उचकी चालूच. हे आकडे मी कुठे लिहिले नाहीत, पण विसरलेही नाही.

आता हे नीट सांगायला हवं, कारण नर्स चुकली की लोक म्हणतात कामाचा ताण होता, स्टाफ कमी होता. त्या दिवशी स्टाफ पूर्ण होता. मी दमलेली नव्हते. मला समोर काय आहे ते समजलं होतं. पाचवा दिवस, आतड्याचा जोड, ताप, पळती नाडी, उचकी. परीक्षेत हा प्रश्न आला असता तर मी पैकीच्या पैकी मिळवले असते. पण मी १००.६ लिहिलं असतं तर साडेआठला सगळ्यांसमोर ती पोरगी खरी ठरली असती आणि गेल्या तीन दिवसांचे माझे ठिपके खोटे. सरांना दुपारी दोन दिवसांसाठी बाहेरगावी जायचं होतं, जाण्याआधी वॉर्ड हलका करायचा होता, हेही खरं. पण ते मी मागाहून शोधलेलं कारण आहे. खरं कारण एवढंच, की मला तिला खोटं पाडायचं होतं.

गोळी दिली. सहाच्या रकान्यात लिहिलं ९८.४. नाडी ८४.

राउंडला प्राजक्ताने मोबाईल पुढे केला. “सर, तीन दिवस ताप आहे. प्लीज एकदा बघा.”

सरांनी मोबाईल बघितला नाही. चार्ट बघितला. मग माझ्याकडे. “सिस्टर?”

“नॉर्मल आहे सर. सहाला मीच घेतलं.”

“ऐकलंत? वीस वर्षं आहेत त्या इथे. तुमचं यंत्र किती वर्षांचं?” असिस्टंट हसले. सरांनी पोटावर दोन बोटं ठेवली न ठेवली. “काका, गॅस सुटतो ना? मस्त. घरी जा. मऊ भात, पेज. दहा दिवसांनी टाके.”

काका राजाच्या आवाजात म्हणाले, “आज्ञा.” आणि उचकी दिली. त्यालाही सगळे हसले.

प्राजक्ता हसली नाही. तिने माझ्याकडे बघितलं. तिला सगळं कळलं आहे असं मला तेव्हा वाटलं. तसं नव्हतं, हे मला सात वर्षांनी समजलं.

घरी गेल्यावर तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांना परत आणलं. पोट लाकडासारखं, हातपाय थंड. जोड सुटला होता. आमच्याकडे सोय नव्हती, मोठ्या हॉस्पिटलला हलवायचं ठरलं. सर गावाहून परतले होते. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत कॉरिडॉरमध्ये त्यांनी घरच्यांना एकच प्रश्न विचारला. फार अनुभवी प्रश्न आहे तो. मी तो अनेकदा ऐकलाय, आणि तो विचारला की डॉक्टरचं अर्धं ओझं उतरतं.

“घरी काय खायला घातलंत?”

परबकाकी सुनेकडे बोट करून म्हणाल्या, “हिनाच बांगड्याचा सार दिल्यान तेंका. परवा. माका न विचारता.”

“मासे?” सरांनी हात वर केले. “मी काय सांगितलं होतं? पेज. आता मी काय करू?”

प्राजक्ता भिंतीला टेकली. तिच्या हातात मोबाईल होता, पण तिने तो उघडला नाही. मी तीन फुटांवर फाइल छातीशी धरून उभी होते. त्या फाइलमध्ये सपाट रेघ होती आणि ती रेघ आता सरांच्या उपयोगाची झाली होती. इथून गेले तेव्हा ताप नव्हता. जे झालं ते घरी झालं.

काकांना खाली नेल्यावर परबकाकींनी लिफ्टजवळ माझा हात धरला. त्यांचा माझ्यावर विश्वास होता. मी मूळची कणकवलीकडची हे त्यांनी पहिल्याच दिवशी विचारून घेतलं होतं.

“गो बाय, तू आमची मानसा. खरा सांग. ह्या माशानच झाला मां?”

मी गप्प राहिले असते तरी ते पाप मोजता आलं असतं. पण मी बोलले. मी म्हटलं, “पथ्य पाळायला हवं होतं काकी.”

दुसरं ऑपरेशन झालं. अठरा दिवसांनी काका गेले.

पुढची काही वर्षं सांगण्यासारखी नाहीत. मी राउंडची गोळी बंद केली. खरे आकडे लिहायला लागले. दोन महिन्यांत मला वॉर्डातून काढून खाली ओपीडीत पेशंटचे नंबर पुकारायला बसवलं. सरांनी प्रेमाने सांगितलं, “सिस्टर, वय झालं, आता आराम करा.” मी भांडले नाही. सरांनी पुढे शेजारचा मजला घेतला आणि तिथे दुसरा गणपती बसवला. मी इतरांबद्दल इतकं कडू बोलतेय, पण त्यातला मोठा वाटा माझाच आहे. सरांनी चार्टवर विश्वास ठेवला. तो चार्ट मी लिहिला होता.

गेल्या वर्षी नोकरी सोडली. या मार्चमध्ये, एका दुपारी, भांडुपला गेले. पत्ता पाठ होता. केसपेपरवर मीच लिहिला होता.

दार प्राजक्ताने उघडलं. ओळखायला तिला वेळ लागला नाही. आत या म्हणाली नाही, पण दारही लावलं नाही. मी उंबऱ्यात उभं राहूनच सगळं सांगितलं. १००.६. १०८. सहाची गोळी. फाइल. लिफ्ट.

मला वाटलं होतं ती ओरडेल. ती म्हणाली, “म्हणजे ताप खरंच होता?”

“तुम्ही तर मोजला होता ना,” मी म्हटलं.

“मोजला होता हो. पण तुम्ही सगळे हसलात. मग बाबा गेले, आणि सगळे म्हणायला लागले की साराने गेले. मला वाटायला लागलं, माझा थर्मामीटर खरंच बिघडलेला असेल. टाकून दिला मी तो. मोबाईल बदलला तेव्हा ते आकडेही गेले.” तिने दोन बोटं वर केली. “दोन चमचे दिलं होतं हो. दोनच. त्यांना काही जात नव्हतं. तोंडाला चव नाही म्हणाले. बांगड्याचं सार दे गो सुनबाय, वासापुरतं. दोन चमचे.”

“त्याने काही झालेलं नाही.”

“नक्की?”

“जोड आधीच सुटायला लागला होता. तुमच्या हातात चमचा यायच्या आधी तीन दिवस. पेज दिली असती, पाणी दिलं असतं, काहीच दिलं नसतं, तरी तेच.”

ती खाली उंबऱ्यावर बसली. मीही बसले. जिन्यातून वर जाणाऱ्या एका शेजारणीने “काय गं, झालं काय?” म्हणून विचारलं, तर प्राजक्ता म्हणाली, “काही नाही, ओळखीच्या आहेत.”

मग तिने जे सांगितलं ते मी लिहीत आहे, कारण तिने लिहा म्हटलंय. सासूबाई त्यानंतर गावी जाऊन राहिल्या. सात वर्षांत त्या तिच्या हातचं जेवलेल्या नाहीत. गणपतीला ही गावी गेली की तिला भाजी चिरू देतात, चुलीजवळ जाऊ देत नाहीत. नैवेद्याला हात लावू देत नाहीत. नीलेश कधी एक शब्द बोलला नाही. ती म्हणाली, “तो बोलला असता तर भांडले असते. पण तो माशाचं जेवणच सोडून बसला. माझ्यासमोर. सात वर्षं.”

मी म्हटलं, “मी नीलेशना सांगते. आज संध्याकाळी थांबते.”

“त्याला मी सांगेन. तो ऐकेल किंवा नाही ऐकणार. पण गावात, मंडळात, पन्नास घरांत मी सासऱ्याला मारलेली सून आहे. तुम्ही घरोघर जाणार का?” मग तिनेच उत्तर दिलं. “आमच्या मंडळाचा दिवाळी अंक निघतो. आई तो गावी मागवून पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचतात. त्यात लिहा. नावासकट. माझ्या आणि तुमच्या.”

मी म्हटलं, “मला लिहिता येत नाही.”

ती म्हणाली, “चार्ट तर छान लिहायचात.”

उठताना तिने मला पाणी विचारलं नाही. मी मागितलंही नाही. माफी मात्र मागितली, तर म्हणाली, “ते नंतर बघू. आधी लिहा.”

म्हणून हे लिहिलं. अंकाच्या संपादकांनी दोनदा विचारलं, नक्की छापायचं ना, कायद्याचं काही निघालं तर? निघू दे. नाव खाली दिलंय. कोणाला चौकशी करायची असेल तर मी मुलुंडलाच आहे.

एक राहिलं. खरे आकडे लिहिले असते तर काका वाचलेच असते, असं मी म्हणणार नाही. जोड सुटला की चांगल्या चांगल्या ठिकाणीही माणसं जातात. पण पाचव्या दिवशी त्यांचं पोट तपासलं गेलं असतं. तीन दिवस आधी. ते तीन दिवस त्यांचे होते आणि ते मी घेतले. वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी ऑपरेशन झालेलं माणूस असेल, तर पहिल्या दोन दिवसांच्या थोड्या तापाला घाबरू नका, आणि नंतरच्या तापाबद्दल कोणी हसलं तरी गप्प बसू नका. डॉक्टर यायच्या आधी गोळी देऊन ताप झाकूही नका.

परबकाकी, हे तुम्ही वाचत असाल. प्राजक्ताने तुमच्या नवऱ्याचा ताप तीन दिवस मोजला, तो खरा होता, आणि सगळ्या हॉस्पिटलात तो खरा सांगणारी ती एकटीच होती. लिफ्टजवळ तुम्ही मला विचारलंत, माशाने झालं का. मी तुम्हाला पथ्य सांगितलं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर दिलं नव्हतं. ते असं आहे. नाही काकी. माशाने नाही झालं.

— सुहासिनी राणे, मुलुंड